नांदी आणि तिचे वाटेकरी

१

भारतीय रंगभूमीने प्रयोगाचा आरंभ हा नेहमीच जोखमीचा क्षण मानला आहे. प्रेक्षक अजून पुरता स्थिरावलेला नसतो, वाद्ये एकमेकांशी जुळायची असतात, नटाने वेष चढविलेला असला तरी भूमिका अंगात भिनलेली नसते. या अधांतरी क्षणाला आधार म्हणून जी वाणी उच्चारायची तिला संस्कृत नाट्यपरंपरेने नांदी म्हटले. नाचातील सुमिरनी, तमाशातील गण आणि कोकणातील नमन ही त्याच गरजेची वेगवेगळी रूपे होत. ही रूपे निरनिराळ्या भाषांत, निरनिराळ्या देवतांना उद्देशून आणि निरनिराळ्या सुरांत वाढली. परंतु प्रत्येकाचे आपल्या पुढील खेळाशी रक्ताचे नाते होते.

गेल्या काही दशकांत सरकारी आणि निमसरकारी कलामहोत्सवांतून वेगळाच प्रघात रूढ झालेला दिसतो. समई पेटते, ध्वनिवर्धकातून आधीच मुद्रित करून ठेवलेले दोनचार संस्कृत श्लोक उमटतात, सभागृह उभे राहते किंवा हात जोडते आणि त्यानंतर जो कोणी कलावंत असेल तो रंगमंचावर येतो. तो पंडवानीचा गायक असो, लावणीची नर्तकी असो किंवा दशावतारी असो, प्रार्थना तीच. पुष्कळदा वेळेच्या टंचाईपोटी त्या कलावंताच्या स्वतःच्या आरंभालाच कात्री लागते, कारण ‘प्रार्थना झालेली आहे’. या प्रघाताचे समर्थक त्याला परंपरेचे पुनरुज्जीवन म्हणतात. वस्तुतः ज्या परंपरेच्या नावाने हे चालते, तिच्याच कसोटीवर हा प्रघात टिकत नाही. संस्कृत नांदीचा खरा अपमान जर कोठे होत असेल तर तो या भक्तिभावाने लावलेल्या ध्वनिमुद्रिकेतच होतो.

या प्रश्नाचा विचार नवा रायपूर या नगरीच्या संदर्भात करणे विशेष उपयुक्त ठरावे. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरपासून काही अंतरावर या राजधानीची आखणी झाली. येथील पुरखौती मुक्तांगणाचे उद्घाटन २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. त्या आवारात राज्यातील आदिवासी आणि लोकसंस्कृतीची रूपे मांडून ठेवलेली आहेत. जुन्या शहरांना त्यांच्या रंगभूमीच्या सवयी वारशाने मिळतात; कोऱ्या जमिनीवर वसविलेल्या नगरीला त्या निवडाव्या लागतात. म्हणून आरंभ कोणत्या शब्दांनी करावा, हा प्रश्न येथे जितक्या उघडपणे उभा राहतो तितका तो पुण्यात किंवा सांगलीत राहत नाही. मराठी वाचकालाही हा प्रदेश परका नाही. १७४१ पासून नागपूरकर भोसल्यांचा अंमल येथे सुरू झाला आणि तो १८५४ पर्यंत या ना त्या रूपात टिकला. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे हे मराठी मातृभाषेचे हिंदी लेखक होते.

२

संस्कृत प्रार्थनेचे कैवारी ज्या ग्रंथाकडे बोट दाखवितात तो भरताचा ‘नाट्यशास्त्र’ हा ग्रंथ. त्याचा पाचवा अध्याय पूर्वरंगाला वाहिलेला आहे. तो वाचणाऱ्याला पहिला धक्का बसतो तो हा की, पूर्वरंगाच्या सामान्यतः एकोणीस मोजल्या जाणाऱ्या अंगांत नांदी हे केवळ एक अंग आहे. पहिली नऊ अंगे पडद्याआड व्हावयाची आहेत आणि त्यांचे स्वरूप बव्हंशी कामकाजाचे आहे. प्रत्याहार म्हणजे वाद्यांची मांडणी, अवतरण म्हणजे गायकगायिकांचे स्थानापन्न होणे, आश्रावणा म्हणजे वाद्ये जुळविणे, परिघट्टना म्हणजे तारांची सिद्धता. आजच्या भाषेत ज्याला तालीम आणि ध्वनिचाचणी म्हणता येईल ते सारे भरताने धर्मविधीच्या पंक्तीला बसविले. कारागिराचे काम आणि भक्ताचे काम यांत त्याने भिंत घातली नाही. जो मृदंगी आपल्या वाद्याला ओली कणीक लावून स्वर मिळवीत बसतो त्याचे ते बसणे हीच पूजा होय, असा या रचनेचा सरळ अर्थ निघतो.

दुसरा धक्का याहून मोठा आहे. पूर्वरंगाच्या कोणत्या अंगाने कोण संतुष्ट होतो याची यादी भरताने दिली आहे आणि त्या यादीत केवळ देव नाहीत. आश्रावणेने दैत्य, वक्त्रपाणीने दानव, परिघट्टनेने राक्षस आणि संघोटनेने गुह्यक संतुष्ट होतात. याच अध्यायात निर्गीताची कथा येते. निर्गीत म्हणजे सार्थ शब्दांवाचूनचे, शुष्काक्षरांचे गीत. नारदाने ते सादर केल्यावर दैत्य आणि राक्षस प्रसन्न झाले, तेव्हा देवांनी हरकत घेतली. नारदाने ते गीत रद्द केले नाही. देवांची समजूत घालून दैत्यांचा वाटा कायम ठेवला. देवांनी त्याला बहिर्गीत हे नाव दिले आणि प्रकरण मिटले.

ही कथा नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायाशी जोडून वाचली पाहिजे. पहिले नाटक दैत्यांच्या पराभवाचे होते. ते पाहून विरूपाक्षाच्या पुढारीपणाखाली विघ्ने रंगभूमीवर चालून आली आणि नटांची वाणी व हालचाल गोठली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना झोडपले, तो दंड जर्जर म्हणून पूज्य झाला. पण तंटा दंडाने संपला नाही. अखेर ब्रह्मदेवाला विघ्नांशी बोलणी करावी लागली आणि सांगावे लागले की, नाट्य हे एकट्या देवांचे किंवा एकट्या दैत्यांचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे. पूर्वरंग हा या तहाचा दर प्रयोगापूर्वी होणारा पुनरुच्चार आहे. विरोधकालाही त्याचा वाटा देऊन मगच खेळ सुरू करावयाचा, हे त्याचे तत्त्व. ज्या आरंभात एकाच भाषेचा, एकाच कुळाचा आणि एकाच सुराचा देव उरतो तो भरताचा पूर्वरंग नव्हे. नाट्याला पाचवा आणि सार्ववर्णिक वेद म्हणणाऱ्या ग्रंथाचा आधार घेऊन आरंभाचे दार अरुंद करणे हा त्या ग्रंथाचा विपर्यास होय.

तिसरी गोष्ट विदूषकाची. पूर्वरंगाच्या शेवटाकडे त्रिगत नावाचे अंग येते. त्यात सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक यांचा संवाद असतो आणि विदूषकाने असंबद्ध बोलून सूत्रधाराला हसू आणावयाचे असते. मंगलविधीच्या मध्यभागी शास्त्रकाराने चेष्टेला जागा राखून ठेवली आहे. आजच्या महोत्सवी प्रार्थनेत कोणी हसला तर त्याला सभागृहाबाहेर जावे लागेल. कोणता आरंभ अधिक प्राचीन आणि कोणता अधिक आत्मविश्वासू, हे वेगळे सांगावयास नको.

शिवाय भरताने एक व्यवहारी इशाराही देऊन ठेवला आहे. पूर्वरंगातील नृत्तगीताचा अतिरेक करू नये. तो लांबला तर प्रयोग करणारे आणि पाहणारे दोघेही शिणतात, शिणलेल्यांना रसभाव स्पष्ट होत नाहीत आणि पुढचा प्रयोग रंजक होत नाही. दीपप्रज्वलन, प्रार्थना, स्वागत आणि सत्कार यांत तासभर घालविणाऱ्या आयोजकांनी निदान एवढा श्लोक तरी शास्त्रार्थ म्हणून मानावयास हरकत नव्हती.

३

पुनरुज्जीवनवाद्यांच्या बाजूला एक भक्कम वचन आहे आणि ते टाळून वाद जिंकण्यात हशील नाही. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त म्हटले आहे की, पूर्वरंगाची अंगे पुष्कळ असली तरी विघ्नशांतीसाठी नांदी मात्र अवश्य करावी. एकोणीस अंगांतून एक अंग उरल्याची ही साक्ष आहे. परंतु तिच्यातून निघणारा निष्कर्ष समर्थकांना अडचणीचा आहे. अठरा अंगे गळू शकली, तर परंपरा अपरिवर्तनीय नव्हती. आणि जे एक अंग उरले ते का उरले, याचे उत्तर नाटकांतच पाहावे लागते. नांदी टिकली, कारण नाटककारांनी तिला नाटकाचा पहिला श्वास बनविले.

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’ची नांदी घ्यावी. पार्वती शंकराला विचारते की, मस्तकावर ही कोण बसली आहे. आणि शंकर गंगेला लपविण्यासाठी शब्दांचे खेळ करीत सरळ उत्तर चुकवितो. देवाधिदेवाच्या चातुर्याने प्रेक्षकांचे रक्षण व्हावे अशी ती प्रार्थना आहे. पण तिच्यात हेर, बनावट पत्रे आणि चाणक्याची कुटिल नीती यांनी भरलेल्या नाटकाची चव आधीच मिळते. ‘मृच्छकटिका’च्या नांदीत नीलकंठाचा कंठ काळ्या मेघासारखा आणि त्याभोवतीचा गौरीचा बाहू विजेसारखा दिसतो, पुढे पाचव्या अंकात मेघगर्जनेत आणि विजांच्या लखलखाटात वसंतसेना चारुदत्ताकडे निघते, तेव्हा ती प्रतिमा फळाला येते. या नांद्यांची अदलाबदल करून पाहावी. दोन्ही नाटके लगेच अडखळतील.

म्हणजे नांदी ही सर्वत्र चालणारे नाणे नाही. ती विशिष्ट नाटकासाठी, विशिष्ट कवीने, विशिष्ट प्रेक्षकाला उद्देशून रचलेली असते. भरताने नमुन्यादाखल जी नांदी दिली आहे तिच्यात देवांना नमन आहेच, पण राष्ट्राची वाढ, रंगाची समृद्धी, प्रयोग करविणाऱ्याला धर्मलाभ आणि काव्यकर्त्याला यश असेही आशीर्वाद आहेत. तेथे यजमान, कवी, नट आणि प्रजा या सगळ्यांची नावनिशी लागते. आणि प्रत्येक पदानंतर दोघा पारिपार्श्विकांनी ‘तसेच असो’ अशा अर्थाचा होकार द्यावयाचा असतो. आशीर्वाद हा होकाराने पुरा होतो. ज्याला कोणी होकार देत नाही आणि देऊ शकत नाही असा आशीर्वाद हवेत विरतो. ध्वनिमुद्रिकेला होकार कोण देणार?

४

येथे भाषेचा प्रश्न येतो आणि समर्थकांचा सर्वांत गंभीर युक्तिवादही येथेच येतो. ते म्हणतात की, छत्तीसगढसारख्या प्रदेशात छत्तीसगढी, हिंदी, गोंडी, हलबी, ओडिया, मराठी अशा अनेक भाषा नांदतात. त्यांपैकी एकीची प्रार्थना घेतली तर इतरांना वगळल्यासारखे होते. संस्कृत कोणाचीच मातृभाषा नसल्याने सर्वांना सारखीच जवळची आहे. युक्तिवाद सभ्य आहे, पण सदोष आहे. जी सर्वांना सारखीच कळत नाही ती सर्वांना सारखीच जवळची ठरत नाही. शिवाय संस्कृत नाट्याने स्वतः असा तोडगा कधीच काढला नव्हता. संस्कृत नाटक हे मुळातच बहुभाषिक आहे. शौरसेनी, मागधी, महाराष्ट्री यांच्याशिवाय ते उभे राहत नाही.

‘मृच्छकटिका’चा सूत्रधार नांदीनंतर संस्कृतात बोलू लागतो आणि थोड्याच वेळात जाहीर करतो की, कार्यवशात् आणि प्रयोगवशात् आपण आता प्राकृत बोलणार. संगीताच्या दीर्घ तालमीनंतर तो भुकेने व्याकूळ झालेला आहे, त्याला घरी जाऊन बायकोला न्याहारी मागावयाची आहे. भूक लागली की देववाणी सोडून लोकवाणीकडे वळणारा हा सूत्रधार संस्कृत रंगभूमीचा भाषाविचार एका प्रसंगात सांगून जातो. राजशेखराने तर ‘कर्पूरमंजरी’ हे सबंध सट्टक प्राकृतात लिहिले आणि त्याची नांदीही प्राकृतातच रचली. हा राजशेखर आपल्या महाराष्ट्रीय कुळाचा अभिमान सांगणारा आणि त्रिपुरीच्या कलचुरींच्या दरबाराशी संबंध असलेला. आणि छत्तीसगढात रतनपूरहून राज्य करणारे कलचुरी याच त्रिपुरीच्या घराण्याची शाखा. म्हणजे देशी भाषेत नांदी म्हणण्याचा अधिकार ज्याने ग्रंथबद्ध केला, त्याचा वारसा मराठी आणि छत्तीसगढी या दोघांनाही सांगता येतो.

याच राज्याच्या उत्तरेस, सरगुजा जिल्ह्यातील रामगढच्या डोंगरात सीताबेंगा आणि जोगीमारा ही लेणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर ब्लॉख यांनी सीताबेंगा हे प्राचीन प्रेक्षागृह असावे असे मत मांडले. त्या मताविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु लेण्यांतील लेखांविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे. ते ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. जोगीमारा लेखात सुतनुका ही देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा देवदिन्न हा रूपदक्ष यांची नावे येतात. भारतातील सर्वांत जुने नाट्यगृह म्हणून ज्या स्थळाचा अभिमान छत्तीसगढात बाळगला जातो, तेथील भिंतीवरचा शब्द संस्कृत नाही, ही गोष्ट नव्या राजधानीतील मंचव्यवस्थापकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

उरलेल्या शंकेचे उत्तर केरळातील कूडियाट्टम देते. संस्कृत नाटकाची अखंड जिवंत राहिलेली परंपरा म्हणून तिचा गौरव होतो आणि २००१ मध्ये युनेस्कोनेही तिची दखल घेतली. तेथे पूर्वविधी काटेकोर आहेत. पण विदूषक मात्र संस्कृत श्लोकांचा अर्थ मल्याळममध्ये उलगडतो, फिरवतो आणि त्यांची थट्टाही करतो. संस्कृत जेथे खरोखर जगली तेथे ती शेजारच्या भाषेचा हात धरून जगली.

५

मराठी रंगभूमीचा इतिहास हीच गोष्ट वेगळ्या रीतीने सांगतो. मराठीत मंगलाचरणासाठी संस्कृतची परवानगी घेण्याची गरज तेराव्या शतकातच संपली. ज्ञानेश्वरीच्या आरंभी जे गणेशरूपक येते त्यात गणपतीचे शरीरच वाङ्मयाचे आहे. वेद, स्मृती, पुराणे ही त्याची अंगे आणि अलंकार, तर काव्यनाटके त्याच्या कमरेच्या रुणझुणणाऱ्या घंटिका. नाटकाला देवाच्या अंगावर स्थान देणारी ही प्रार्थना मराठीत रचली गेली, आणि ती रचणाऱ्याला संस्कृत येत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

१८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगविले तेव्हा सूत्रधाराच्या मंगलाचरणाशेजारी विदूषकाचे चाळे होते आणि मग गणपती व सरस्वती यांचे प्रवेश होते. दशावतारी खेळात तर याहून धीट व्यवस्था आहे. तेथे आडदशावतारात भटजीची मोडकीतोडकी संस्कृत पूजा हा विनोदाचा विषय होतो आणि वेद पळविणारा संकासुर फर्मास मालवणीत बोलून प्रेक्षकांना लोळवितो. त्याचा वध होतो हे खरे, पण तोपर्यंत रात्र त्याचीच असते. दैत्याला त्याचा वाटा देण्याची भरताची रीत सिंधुदुर्गातल्या देवळांसमोर आजवर चालत आलेली आहे, आणि ती चालविणाऱ्यांनी नाट्यशास्त्र वाचलेले नव्हते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ सादर केले. कालिदासाची अष्टमूर्ती शिवाची नांदी त्यांच्यापुढे होती. तरीही त्यांनी मराठी नांदी नव्याने रचली; शिवाला आणि गणपतीला वंदन करून कालिदासाची कृती मराठीत आणण्याचे धाडस तिच्यात विनयाने सांगितले. ती समासप्रचुर आहे, पण मराठी आहे, आणि ती नेमकी त्याच नाटकाची नांदी आहे. पुढे काय झाले ते मात्र विचार करण्याजोगे आहे. ही नांदी इतकी लोकप्रिय झाली की, नाट्यसंमेलने, वर्धापनदिन आणि सत्कारसमारंभ यांच्या आरंभी तीच गाइली जाऊ लागली. शाकुंतलाचा प्रयोग नसताना शाकुंतल रचण्याची प्रतिज्ञा गंभीरपणे म्हटली जाते आणि श्रोते उभे राहून ती ऐकतात. सुटी झालेली नांदी कशी अर्थशून्य होते याचे उदाहरण शोधण्यासाठी मराठी माणसाला घराबाहेर जावे लागत नाही. संस्कृत श्लोकांच्या ध्वनिमुद्रिकेवर टीका करताना मराठी रसिकाने स्वतःच्या घरातील हा नांदीचा पुतळाही पाहावा.

याउलट जिवंत आरंभाचेही पुरावे आहेत. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये आले तेव्हा विजय तेंडुलकरांनी पारंपरिक नमनालाच हत्यार केले. गणपतीला आळविणारी ब्राह्मणांची ती रांग पुढे नाटकभर पडदा होते, गुन्हे झाकते, आणि प्रेक्षकाला कळते की भक्तीचा सूर आणि क्रौर्य यांच्यामध्ये अंतर उरलेले नाही. गिरीश कार्नाडांच्या ‘हयवदना’त आरंभीच्या गणेशपूजेत गजमुखी, एकदंत देवाच्या अपूर्णतेवर बोट ठेवले जाते आणि पूर्णत्वाचा शोध हा नाटकाचा विषय तेथेच पेरला जातो. विशाखदत्ताची रीत या दोघांनी चालविली. परंपरा पुढे नेणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

६

या वादाला दुसरी बाजू आहे आणि तिचाही समाचार घेणे न्यायाचे होईल. परिवर्तनवादी म्हणविणारा एक वर्ग सर्व प्रकारच्या मंगलाचरणांना पुरोहितशाहीचा अवशेष मानतो आणि रंगमंचावरून ती हद्दपार करू पाहतो. त्यांच्या रागाला इतिहास आहे. ज्यांना शतकानुशतके संस्कृत ऐकण्याचीही बंदी होती त्यांनी आता हात जोडून ती ऐकावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी निदान थोडा संकोच बाळगावा. परंतु आरंभच पुसून टाकणे हा उपाय नव्हे, आणि बहुजनांच्या चळवळींनी तो कधी केलाही नाही. अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्यात आरंभ ठेवला, गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले. वंदनाची जागा रिकामी ठेवली तर तेथे उद्या जाहिरात येऊन बसेल, हे त्या शाहिराला पंडितांपेक्षा अधिक कळत होते.

रायपूरची भूमी याबाबतीत मोठा दाखला देते. हबीब तनवीर यांचा जन्म १९२३ मध्ये रायपुरात झाला. १९५८ मध्ये दिल्लीत त्यांनी ‘मृच्छकटिका’वरून ‘मिट्टी की गाडी’ केले तेव्हा छत्तीसगढच्या नाचातील सहा कलावंत त्यात उभे केले. संस्कृत नाटकाचा लवचीक स्थलकाल, त्यातली गाणी, त्यातला विदूषक हे सारे नागर नटांपेक्षा नाचातल्या जोक्कडांना अधिक सहज पेलते, हे त्या प्रयोगाने दाखविले. पुढे १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आले. त्याचा आरंभ सतनामी समाजाच्या पंथी गीताने होतो. गुरू घासीदासांच्या सत्यनामाचा महिमा गाणारे ते गीत म्हणजे त्या नाटकाची नांदी होय. कारण सत्य बोलण्याचे व्रत पाळता पाळता मरणाऱ्या चोराचीच ती गोष्ट आहे. नांदीने नाटकाच्या अर्थाची सूचना द्यावी ही शास्त्राची अपेक्षा एका जातिव्यवस्थाविरोधी पंथाच्या गाण्याने तंतोतंत पुरी केली. १९८२ मध्ये हे नाटक एडिनबरो येथील महोत्सवात पुरस्कार घेऊन आले. तेथील प्रेक्षकाला छत्तीसगढी कळत नव्हती. पण गाणारे काय गात आहेत ते त्यांना स्वतःला कळत होते, आणि आरंभासाठी ती अट सर्वांत मोलाची आहे.

याच तनवीरांच्या ‘पोंगा पंडित’चे प्रयोग १९९० नंतर वारंवार उधळले गेले. हे प्रहसन त्यांनी रचलेले नव्हते. अस्पृश्यता पाळणाऱ्या पुरोहिताची टर उडविणारा तो नाचातलाच जुना खेळ होता आणि गावोगाव तो हसत पाहिला जात होता. परंपरेच्या नावाने आरंभी संस्कृत श्लोक मागणारे आणि परंपरेतलाच विदूषक समोर आला की खुर्च्या फेकणारे यांचा मेळ कसा बसतो, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. भरताने त्रिगतात ज्याला हक्काची जागा दिली त्यालाच हाकलून दिल्यावर उरलेला पूर्वरंग कोणाचा?

७

संस्कृत नांदीला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. भासाचे, कालिदासाचे किंवा शूद्रकाचे नाटक संस्कृतात होत असेल तर तिची नांदी संस्कृतातच, तिच्या छंदात आणि तिच्या पुऱ्या अर्थासह व्हावी. ती कापू नये. भरतनाट्यम् करणाऱ्या नर्तकीला ‘अभिनयदर्पणा’च्या आरंभीचा ध्यानश्लोक प्रिय असेल तर तो तिने म्हणावा, मात्र तंजावरच्या मराठा दरबारात ज्यांची कीर्ती वाढली त्या चार बंधूंनी घडविलेल्या नृत्यक्रमाचा आरंभ अलारिप्पूने, म्हणजे अर्थहीन बोलांवर होतो, हेही तिने विसरू नये. शुष्काक्षरांचा भरतकालीन वाटा तेथे अजून शाबूत आहे.

मागणी एवढीच आहे की, प्रत्येक कलेला तिचा स्वतःचा आरंभ परत मिळावा आणि त्याला पुरेसा वेळ मिळावा. पंडवानीचा गायक तंबुरा घेऊन स्मरण करील आणि त्याचा रागी हुंकार देईल. तो हुंकार म्हणजे पारिपार्श्विकाचा होकारच आहे. गोंधळातल्या झीलकऱ्याचा सूरही तोच आहे. त्याच्या आधी लावलेली ध्वनिमुद्रिका या होकाराची जागा खाते. २०१९ मध्ये छत्तीसगढ शासनाने नरेंद्रदेव वर्मा यांच्या छत्तीसगढी गीताला राज्यगीताचा मान दिला आणि शासकीय समारंभांच्या आरंभी ते गाण्याचा पायंडा पाडला. लोकभाषेला हा मान मिळाला ही समाधानाची बाब आहे. तथापि राज्यगीत हे सभेचा आरंभ आहे, नाटकाचा नव्हे. एका सार्वत्रिक श्लोकाच्या जागी एक सार्वत्रिक गीत बसवून गोंडी किंवा हलबी कलावंताचा स्वतःचा आरंभ परत येत नाही. भाषा बदलली तरी साचा तोच राहू शकतो, आणि वादाचा रोख साच्यावर आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक काम आहे. नांदीची व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिण्याऐवजी त्यांनी नाचाच्या सुमिरनी, दशावताराचे आडदशावतार आणि तमाशाचे गण संहिता म्हणून नोंदवावेत, त्यांचा पुढील खेळाशी असलेला संबंध तपासावा आणि मग ‘मुद्राराक्षसा’ची नांदी पुन्हा वाचावी. तेव्हा ती अधिक चांगली कळेल. आज ती पाठ्यपुस्तकात एकटी पडलेली आहे. तिची भावंडे तिच्या शेजारी आणून बसविली तर तिचाही एकटेपणा संपेल.

नवा रायपूरमध्ये खुले रंगमंच आहेत, त्यांवर येणारे कलावंत बस्तरपासून सरगुजापर्यंतच्या गावांतून येतात आणि प्रत्येकजण आपला आरंभ सोबत घेऊन येतो. आयोजकांनी ध्वनिमुद्रिका बंद ठेवावी, कार्यक्रमपत्रिकेतील दहा मिनिटे त्या मंडळींच्या हवाली करावीत आणि सभागृहातून होकार येतो की नाही ते ऐकावे.